सीमेवरची मतपेटी

सीमेवरच्या परगण्यातून आलेल्या मतपेटीवर मोजणी समितीच्या अध्यक्षांनी हात ठेवला. "ही पाठवणाऱ्या शेरीफची, तिथल्या निवडणूक अधिकाऱ्याची, मुदत आधीच संपली होती. सगळी मतं बाद. जाळून टाका!"

समितीतला एझ्रा चमकला. अध्यक्षांसारखाच तोही पुन्हा निवडणुकीला उभ्या असलेल्या गव्हर्नरांच्याच पक्षाचा होता. पण मताच्या याच हक्कासाठी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात त्याने दोन बोटं गमावली होती.

"हजार शेतकऱ्यांची मतं आहेत, निदान मोजा तरी!"

"मोजली तर आपण हरू," अध्यक्ष हसले. पेटी न उघडताच शेकोटीत गेली. मग त्यांनी एझ्रापुढे निकालाचा कागद सरकवला. "करा सही. आपले गव्हर्नर पुन्हा निवडून आले!"

एझ्राने कागद परत ढकलला.

"निवडून नाही, जाळून आले," असं म्हणत तो सही न करताच उठला आणि बाहेर ताटकळलेल्या लोकांना तेच सांगायला गेला.