खामाचा बाण

पातं हातात आलं आणि काशे मटकन खाली बसला. मेलेल्या कुडू हरणाच्या बरगडीतून त्यानेच ते उकरून काढलं होतं. कुंपणाची तार ठोकून केलेलं, जेमतेम बोटाएवढं पातं. त्याचा काटा डावीकडे झुकलेला. अशी पाती सगळ्या मुलखात एकटा खामा ठोकायचा, कारण तो डावरा होता. आणि खामाला जाऊन तर वर्ष झालं होतं.

“दाबे, हा बाण कुणाचा?”

“माझ्या भात्यातला. कालच नाही का तुला दिला!” दाबे सुरी दगडावर घासत होता. त्याने मान वर केली नाही.

“कुणाचा विचारतोय मी.”

“डोळे फुटले का तुझे? दिसतंय ना कुणाचा ते.”

काल दुपारी झुडपाआड दाबेने त्याच्या हातात धनुष्य आणि बाण कोंबला होता. “तू मार बाबा, माझा खांदा धरलाय.” काशे नुसता ओझं वाहायला आला होता. वर्षभर त्याने धनुष्याला हात लावला नव्हता. पण कुडू समोर उभं, आणि हाताची सवय जुनी. बाणाकडे न बघताच त्याने तो सोडला. मग रात्रभर बाणाच्या विषाने आपलं काम केलं, आणि सकाळपासून दोघे म्हातारे माग काढत इथवर आले होते. काशे दमला होता. आजचाच नव्हे, वर्षभराचा दमला होता.

काशे, दाबे आणि खामा. पोरवयापासून तिघे मिळून शिकार करायचे. गेल्या उन्हाळ्यात काशेच्या बाणाने एक एलंड, बैलाएवढं हरण, जखमी झाला आणि तिघे त्याच्या मागावर निघाले. दाबे भलतीकडे शोधत राहिला. काशेचे गुडघे कुरकुरायला लागले. “तू हो पुढे, मी जरा टेकतो,” तो खामाला म्हणाला. खामा पुढे झाला, आणि गवतातल्या सापावर त्याचा पाय पडला. टेकलो नसतो तर तो पाय माझा असता, हे काशेला कुणी बोलून दाखवलं नाही. त्याची गरजच नव्हती. तो स्वतःच रोज उठून स्वतःला ते सांगत होता.

खामाची बायको दिकाओ, तिनेसुद्धा अवाक्षर काढलं नाही. तेच तर काशेला खात होतं. आमच्याकडे शिकार आणणाऱ्याचं कौतुक करत नाहीत. त्याला नावं ठेवतात, म्हणजे गडी डोक्यावर चढत नाही. आणि नावं ठेवायची ती आपल्या माणसाला. परक्याशी गोडच बोलतात. दिकाओची जीभ तर सगळ्यांत तिखट. पूर्वी काशेने अख्खा एलंड आणून टाकला तरी ती नाक मुरडून म्हणायची, हा उंदीर कुठे सापडला? वर्षभरात त्याने फास लावून रानकोंबड्या पकडल्या, तिच्या दारात नेऊन दिल्या. दरवेळी ती एवढंच म्हणायची, “छान आहे.” आणि तोंड फिरवायची. त्या ‘छान’ने त्याच्या काळजाला घरं पडली होती.

आता तर पंचाईतच झाली. शिकार मारणाऱ्याची नसते, बाणाच्या धन्याची असते, आणि वाटणीही त्यानेच करायची. धनी गेला, म्हणजे बाण त्याच्या बायकोचा. काशेने मारलेलं हे कुडू दिकाओच्या पुढ्यात नेऊन ठेवावं लागणार होतं.

“मी नाही यायचा,” काशे म्हणाला. “तू मारलंस म्हणून सांग.”

“खोटं बोलू? या वयात?” दाबेने मांसाची कावड बांधली. “चल, पुढचं टोक तू धर. माझा खांदा...”

“सकाळी तर बरा होता तुझा खांदा!”

“आता परत धरला.”

उन्हात दोघे तंगड्या ओढत निघाले. काशेने मनाशी ठरवून टाकलं होतं. आज ती पुन्हा ‘छान आहे’ म्हणाली, तर सामान बांधायचं आणि दूरच्या वस्तीवर लेकीकडे जायचं. पुन्हा इकडे फिरकायचं नाही. रोज त्या बाईचं ते फिरवलेलं तोंड बघत म्हातारपण काढायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

दिकाओ झोपडीपुढे बसून दगडाने बिया फोडत होती. काशेने कावड उतरवली, मांसावर ते पातं ठेवलं आणि चार पावलं मागे सरून उभा राहिला.

“वहिनी, बाण तुमचा. वाटणी तुम्ही करायची.” मग तो हळूच म्हणाला, “मारलं मी.”

दिकाओने दगड खाली ठेवला. पातं उचलून ती किती तरी वेळ अंगठ्याने चोळत राहिली. दाबे उगाचच खोकला. मग तिने एक फासळी उचलली, उलटसुलट करून पाहिली, चरबी आहे का म्हणून चिमटीत धरली. काशेने मान खाली घातली. तो शब्द आता येणार, हे त्याला ठाऊक होतं.

“शी!” दिकाओने फासळी धाडकन खाली टाकली. तिचे डोळे वाहत होते आणि आवाज चढला होता. “नुसतं हाडांचं गाठोडं! भावजी, यासाठी का मी दाबेच्या हाती तुम्हाला बाण धाडला होता?”