लाडाचं नाव

कॉम्प्युटर आईचा आणि पासवर्ड विसरणारीही आईच, असं सांगून मुलाने मेकॅनिकला घरी आणलं होतं. घराचे कागद त्यातच होते. मशीन काही दाद देईना. शेवटी स्क्रीनवर आईनेच पूर्वी निवडलेला प्रश्न आला. मेकॅनिकने तो मोठ्याने वाचला: ‘मुलाचं लाडाचं नाव काय?’ मुलगा हसला. ‘सोपंय. सोन्या टाका.’ चुकलं. ‘मग राजा.’ तेही चुकलं. ‘आता एकदाच टाकता येईल,’ मेकॅनिक म्हणाला. ‘आईंनाच विचारा की.’ ‘मावशीकडे गेलीय. तिथे फोन लागत नाही.’ आई आपल्याला काय म्हणायची, ते मुलाला काही केल्या आठवेना. मेकॅनिकची नजर सहज शेजारच्या खोलीकडे गेली. दाराला बाहेरून कडी होती आणि उंबऱ्याशी उष्टं ताट. त्या दारामागून थकलेला आवाज आला, ‘टिल्लू. टिल्लू म्हणायचे रे मी तुला. आता तरी कडी काढशील ना?’