राखून ठेवलेली खोड

"एक चाळीस," लताबाई म्हणाल्या, आणि बॉनेटखालून डोकं काढता काढता धोंडीरामने ते वरच्या पत्र्याला आपटून घेतलं.

चौथा रविवार होता हा. एकलहऱ्याहून स्कूटर हाणत जेल रोडला यायचं, लताबाईंच्या पोर्चमधल्या या अर्धवट फियाटच्या खोडी काढायच्या, आणि हात हलवत परत जायचं. बाई एक लाख चाळीस हजारांवरून रुपयाने खाली येत नव्हत्या. गाडी त्यांच्या भाच्याची. पठ्ठ्याने हौसेने घेतली, निम्मी खोलली, निम्मी जोडली, आणि मावशीच्या नावावर करून जर्मनीला निघून गेला. मागच्या काचेच्या जागी अजून पुठ्ठाच होता.

धोंडीरामला ती गाडी हवी होती. पॉवर हाउसला फिटर असताना साहेबांची पांढरी फियाट त्याने वर्षानुवर्षं दुरुस्त केली, पण तिच्या स्टेअरिंगवर बसून गेटाबाहेर कधी गेला नाही. रिटायर झाल्यावर दहा महिन्यांत घरातले सगळे पंखे खोलून झाले. शेवटी बायकोने हात जोडले. "लाखाच्या आत मिळत असली तर आणा एकदाची ती गाडी, पण माझ्या मिक्सरला हात लावू नका."

घेणाऱ्याने खोड काढावी आणि विकणाऱ्याने भाव उतरवावा, ही जगाची रीत. बैल असो नाही तर गाडी. ही बाई मात्र खोड काढली की वही काढायची.

"रेडिएटर गळतोय, ताई."

"कुठून? दाखवा. मग काय करावं लागेल?"

तो सांगायचा, बाई लिहून घ्यायच्या. पुढच्या रविवारी यावं तर रेडिएटर झाळून तयार, आणि भाव तोच! त्यात फिटरचा हात मोठा वाईट. खोडीकडे बोट दाखवायला जातो आणि पाना मागून बसतो. क्लच असाच त्याच्या हातून नीट होऊन गेला होता.

एक खोड मात्र त्याने राखून ठेवली होती. पहिल्याच रविवारी डाव्या मागच्या चाकाशी वाकला, तेव्हा त्याला दिसलं होतं, की ब्रेकची नळी सडली आहे. चार वेळा पाय दाबला की पाचव्यांदा ब्रेक लागायचा नाही. तो काही बोलला नाही. हुकमाचं पान पहिल्या हाताला कोण टाकतं? बाई एक दहावर आल्या की हे काढायचं आणि लाखाच्या आत सौदा जमवायचा.

"इंजिन जाम हाय हो तुमचं," तो वैतागून म्हणाला. "भंगाराच्या भावात जाईल. थांबा, दाखवतोच." त्याने प्लग पुसले, पॉइंट घासले, पेट्रोल ओतलं. "मारा सेल्फ. हललं तर नाव सांगणार नाय."

बाईंनी किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं.

धोंडीरामने कपाळावर हात मारला. आपल्याच हाताने आपण भाव पक्का केला! "एक दहा," तो कसाबसा म्हणाला. "शेवटचं."

"भाऊ," बाई म्हणाल्या, "गाडी विकायची नाही."

"मग जाहिरात कशाला दिली?"

बाईंनी वही दाखवली. कार्बोरेटर, देवळ्याचे कांद्याचे व्यापारी. वायरिंग, सिडकोतला संघर्ष नावाचा मुलगा. रेडिएटर आणि क्लच, धोंडीराम. त्यापुढेच त्यांनी आत्ता 'इंजिन' लिहिलं. "गॅरेजवाला नुसतं बघायचे आठ हजार मागत होता. माझी पेन्शन केवढीशी! विकायची म्हटलं की माणसं फुकट बघतात, आणि नीट बघतात. लाज वाटते, पण काय करू? चोवीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. डबल बेल मी मारायची आणि गाडी दुसऱ्याने काढायची. आता लायसन काढलंय. उद्या उतारापर्यंत एक चक्कर मारून येते."

"चार रविवार माझे!" धोंडीराम ओरडला. "चार! माणूस हाय का कोण हाय मी?" पाने पिशवीत कोंबून त्याने स्कूटरला लाथ घातली आणि निघाला. रागाने त्याचे कान तापले होते. मरू दे ती बाई आणि मरू दे ती गाडी.

कोपऱ्यावर स्पीडब्रेकर आला. त्याने ब्रेक दाबला आणि स्कूटर तिथेच थांबवली.

परत आला तेव्हा इंजिन चालूच होतं. बाई स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या आणि एकट्याच हसत होत्या. धोंडीरामने आत हात घालून किल्ली काढली आणि खिशात टाकली.

"ब्रेक नाय हिला," तो खाली बघत म्हणाला. "मागची नळी सडलीय. पहिल्याच रविवारी बघितलं मी. भाव पाडायला ठेवलं होतं."

बाई चिडल्या नाहीत, दचकल्याही नाहीत. "मागच्या चाकाशी वाकलात आणि उठलात ते एकदम गप्प. चोवीस वर्षं तिकिटं फाडलीत, भाऊ. बिनतिकिटाचा माणूस मला पाठमोरा कळतो."

त्यांनी वहीचं पहिलं पान उघडून त्याच्यापुढे धरलं. त्याच पहिल्या रविवारची तारीख होती, आणि खाली एकच ओळ: 'डाव्या मागच्या चाकात काहीतरी आहे. धोंडीराम सांगतील. तोवर गाडी हलवायची नाही.'