घरातलं नाव

तो पुन्हा फळ्यापाशी उभा होता.

मेहरदाद. सोमवारपासून रोज यायचा. सूप घ्यायचा नाही, गाण्याला उठायचा नाही, नुसता प्रार्थनेच्या फळ्यावरच्या चिठ्ठ्या वाचत राहायचा. वर्ना फ्रीझेनच्या हातातली पळी भांड्यातच थांबली. परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा हा सप्ताह ती गेली अकरा वर्षं मॅनिटोबातल्या या विद्यापीठाच्या तळघरात भरवत होती. रोज संध्याकाळी जेवण, येशूच्या चार गोष्टी, आणि ज्याला वाटेल त्याने चिठ्ठीवर नाव आणि मागणं लिहून फळ्याला टोचायचं. अकरा वर्षांत एक चिठ्ठी हरवली नव्हती. काल तीन गेल्या. तिन्ही इथेच शिकणाऱ्या सियावशच्या देशातल्या मुलांच्या. मेहरदादही तिकडचाच. वर्नाच्या मनात पाल चुकचुकली.

सियावश तिचा फार लाडका. पूल बांधायला शिकायला आलेला, जेवणं झाली की बाह्या सारून तिच्याबरोबर भांडी घासणारा. रविवारी नदीवर त्याचा बाप्तिस्मा व्हायचा होता. "फक्त माझं नाव कुठे लिहू नका, वर्नाखानूम," छातीवर हात ठेवून त्याने विनवलं होतं; खानूम म्हणजे त्यांच्याकडे बाई. "मी धर्म बदलला हे तिकडे सरकारला कळलं तर आईला उचलून नेतील. एकटी आहे हो ती."

वर्नाच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या चर्चला ठाऊक. पण हा शब्द तिने पाळला. त्याचं नाव कुठे म्हणून लिहिलं नाही. आता नावाशिवाय प्रार्थना म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट, असं त्यांच्यात सगळेच मानतात. म्हणून सोमवारी चर्चमधल्या बायकांना नेहमीचं पत्र पाठवताना तिने युक्ती केली. आई त्याला घरात ज्या नावाने हाक मारते, ते घातलं. 'पूल बांधायला शिकणाऱ्या आमच्या फंदोगसाठी आणि त्याच्या आईच्या दम्यासाठी प्रार्थना करा.' फंदोग म्हणजे त्यांच्याकडचं एक बारकं, गोल, अक्रोडासारखं फळ. देवाला बरोबर कळेल, बाकी कुणाला काय कळतंय! पत्र चर्चच्या वेबसाइटवरही लागलं, दर सोमवारी लागतं तसं.

मेहरदादने इकडेतिकडे पाहिलं, एक टाचणी उपटली आणि चिठ्ठी खिशात घातली.

"ए! थांब तिथेच!" वर्ना पळी घेऊनच धावली. "कुणाला नेऊन देतोस रे पोरांची नावं? लाज नाही वाटत? त्यांच्या आया आहेत तिकडे!"

मेहरदादने खिसा उलटा केला. कपटे खाली पडले, इतके बारीक फाडलेले की एक अक्षर लागत नव्हतं.

"कुणालाच देत नाही," तो हळूच म्हणाला. "माझ्या भावाचं नाव असंच एका भिंतीवर होतं, बाई. दोन वर्षं झाली. कुठे आहे, कळत नाही."

वर्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अरे देवा! आणि मी तुला काय समजत होते!"

"बरं केलंत. सगळ्यांना तसंच समजत जा."

मग तिनेच सगळ्या टाचण्या उपटायला घेतल्या. तो फाडत गेला. फळा मोकळा झाला तेव्हा तिला चार दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास आला. वेळेवर जाग आली म्हणायची, असं तिला वाटलं. तेवढ्यात दारात सियावश दिसला. अंगात कोट नव्हता, हातात फोन होता.

"आईचा फोन होता," तो म्हणाला. "घरी दोन माणसं आली होती. बसली, चहा प्यायली. दमा कसा आहे, विचारलं."

"पण तुझं नाव? नाव नाही ना घेतलं?" वर्नाने त्याचा दंड धरला, मोकळा फळा दाखवला. "हे बघ, एक नाव ठेवलं नाही आम्ही!"

"नाव नाही घेतलं, खानूम." तो तिच्याकडे बघत राहिला. "जाताना म्हणाले, आमचा फंदोग कसा आहे?"