घरच्या रानातली हळद

पासलीच्या गेनबांकडं लेकीच्या अंगाला हळद लागायची ती घरच्याच रानातली. विकतची चालत नसे. भादव्यात त्या हळदीची पानं करपली, तसा त्यांनी होणाऱ्या जावयाला निरोप धाडला, "हळद हाती लागली न्हाई, तर लगीन पुढल्या साली."

निरोप मिळताच होणारा जावई सावळाराम उपाय विचारत सुटला. करप्यावर जुनं आंबट ताक शिंपडावं, असं एका म्हातारीनं त्याला सांगितलं. मग काय, गडी तांब्या घेऊन गावोगाव ताक मागत हिंडला आणि रोज पहाटे सासऱ्याच्या रानात गुपचूप शिंपडत राहिला. दसऱ्यापर्यंत हळद हिरवीगार झाली, आणि गेनबा त्याच्या दारात येऊन उभे राहिले.

"घरात खायला न्हाई व्हय, पाव्हणं? दारोदार आंबट ताक मागून पिताय म्हनं!"

"पीत न्हाई, मामा. तुमच्या हळदीवर शिंपडतो."

"मंजी चोरून रानात बी शिरताय!"

सोयरीक मोडली.

हळद मात्र अशी पिकली, की वैशाखात लेकीचं अंग सोन्यासारखं उजळलं. नवरा किकवीचा होता. तो ताकाला शिवत नाही, याची गेनबांनी आधी चार घरी चौकशी केली होती.