मडगार्डवरची जागा

बायकोच्या दहाव्याचा पिंड नदीकाठी मांडून तास झाला, तरी कावळा शिवेना. तुळशीराम मान खाली घालून बसला होता. पोराने शब्द दिला, "आई, धाकटीचं लग्न थाटात करीन." बायकोचा भाऊ म्हणाला, "पोरांचं आजोळ तुटू देणार नाही, आक्का." कावळे बाभळीवरून हलेनात.

घरातल्या दोन्ही मोटारसायकली विकल्या तरी ज्याचं एक चाक आलं नसतं, असा तुळशीरामचा ट्रॅक्टर. "एकदा मडगार्डवर बसवून माहेरी न्या," एवढंच ती म्हणायची. "रंगाला ओरखडे पडतील," म्हणत तो मोटारसायकलला किक मारायचा.

शेवटी त्याने हात जोडून डोळे मिटले. "चल, ट्रॅक्टरवरून माहेरी नेतो." मनात मात्र घोकत होता, हे नसू दे, दुसरं काहीतरी मोठं राहिलेलं असू दे.

डोळे उघडले, तर कावळा पिंडाला शिवलाही होता.