शेवटची खेप

"कोणी विचारलं तर मी तुझी कोण?"

"सख्खी मावशी."

"आणि निघालो कुठं?"

"मामाच्या नव्या घरी."

मावशीनं मान डोलावली. एरवी पोरींकडून एवढं घोटून घेताना तिच्या नाकी नऊ यायचे. ही मात्र एका सांगण्यात तयार. बसस्थानकातला खांबाआडचा बाकही पोरीनंच शोधला होता, कॅमेऱ्याकडे पाठ होईल असा. लाजाळू आहे बिचारी, मावशीला वाटलं.

"घरी फोन केलास का कुणाला?"

"फोन कुठला माझ्याकडे!"

समोरून पोलीस गेला. मावशी बसल्या जागी पाय हलवू लागली. पोर बिस्किटाचा पुडा फोडत होती.

"पाय किती हलवता मावशी! बाकाला चाकं लावा, आपण बसच्या आधी पोचू."

मावशीला हसू आलं नाही. सकाळीच साहेबांचा फोन आला होता. "ही शेवटची खेप. पोरीला पलीकडच्या माणसाच्या हवाली कर आणि तुझी लेक घेऊन जा." लेक त्यांच्याच कुलपात होती. मावशीलाही कधीकाळी अशाच एका मावशीनं आणलं होतं. जगात गाड्या सुटतच होत्या, आणि त्यांतून अशा मावश्या नि अशा पोरी उतरतच होत्या.

"तुम्हाला मुलगी आहे, मावशी?"

"आहे. तुझ्याच वयाची."

"तिथं शिवणकामच आहे ना? पहिल्या पगारात आईला चष्मा घ्यायचाय. तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही."

मावशीनं तोंड फिरवलं.

गाडी लागली. माणसं दाराशी लोटली.

"चला की, जागा जाईल!" पोरीनं पिशवी उचलली.

मावशी उठली, दोन पावलं चालली आणि तिनं पोरीचं मनगट घट्ट धरलं. "ऐक माझं. तिथं शिवणकाम नाही. तिथून कोणी पगार घेऊन परत येत नाही. मागच्या दारानं बाहेर पड, मिळेल त्या गाडीनं आईकडे जा. हे घे भाड्याला."

"आणि साहेब?"

"पोलीस आडवा आला, पोर गर्दीत निसटली, असं सांगेन. माझं मी निस्तरते. पळ गं बाई!"

पोर हलली नाही. "आणि तुमच्या लेकीचं काय?"

"तिचं मी..." मावशी थबकली. लेक कुणाच्या ताब्यात आहे, हे तिनं पोरीला सांगितलंच नव्हतं. आणि 'साहेब' हा शब्दही तिच्या तोंडून निघाला नव्हता.

पोरीनं शांतपणे मनगट सोडवून घेतलं, ओढणीवरचा चुरा झटकला आणि पिशवीच्या तळातून फोन काढला.

"साहेब, पाघळली ही. इथून पुढच्या खेपा मी नेते. हिच्या लेकीला आजच पलीकडच्या माणसाकडे पाठवून द्या."